खंजिरीच्या मागे बसणारे

खंजिरी भजनाबद्दल कुणी लिहिलं की समोरच्या माणसाबद्दल लिहितात. समोरचा म्हणजे गुडघे मोडून बसलेला, डाव्या हातात खंजिरी उभी धरलेला गायक. त्याच्या एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला तबला किंवा ढोलक आणि पाठीमागे दोन ओळींत टाळ घेऊन बसलेली माणसं. ही माणसं झील देतात. गायकानं ध्रुपद टाकलं की ते उचलायचं, त्याचा आवाज वर चढला की आपण खालच्या पट्टीत आधार द्यायचा, त्याला कडवं आठवेना झालं तर ध्रुपद आणखी एकदा घोळवायचं. रामाकोन्याच्या आमच्या मंडळात मी पेटी धरतो. पेटीवाल्याला समोरचाही दिसतो आणि मागचेही. इतकी वर्षं पाहून माझं मत पक्कं झालंय की हे भजन गावोगाव टिकलं ते मागच्या दोन ओळींमुळं. त्याचा इतिहास सांगायचा तर त्यांच्या बाजूनंच सांगायला हवा.

रामाकोना सौंसर तालुक्यात, नागपूरहून छिंदवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो आणि घाट चढला की कानावर पडणारी बोली बदलते. घाटाखाली घराघरांत मराठी, शेतात कापूस आणि संत्रा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार. भोसल्यांच्या राज्यात आमचं तोंड नागपूरकडे होतं. इंग्रजांच्या मध्य प्रांताची राजधानीही नागपूरच, त्यामुळं तेव्हाही फरक पडला नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. कचेरीचे कागद हिंदीत झाले, पुढं शाळाही बहुतेक हिंदीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, आम्ही छिंदवाड्यातून निघून त्यात आलो. या सगळ्यात मराठी लिहिण्याचं जे एक ठिकाण सुटलं नाही ते म्हणजे भजनाची वही.

खंजिरी येण्याआधी इथं गाणं नव्हतं असं नाही. देवळात वारकरी वळणाचं भजन होतं, मृदंग आणि वीणा घेऊन. दिवाळीनंतर दंढार होती, खडी गंमत होती. आणि महादेवाची गाणी होती. ही गाणी समजली नाहीत तर आमचा मुलूख समजायचा नाही. महाशिवरात्रीला विदर्भातून हजारो माणसं पचमढीजवळच्या चौरागडाला जातात, खांद्यावर त्रिशूळ घेऊन. आता गाड्या झाल्या, पण पूर्वी ती वाट पायांची होती आणि आमच्या भागातून जायची. यात्रेकरूंचा जथा गावात उतरला की रात्री डफावर गाणी व्हायची. एकजण ओळ टाकणार, बाकीचे ती झेलणार. गाणाऱ्यांत निवड नव्हती. जो चालत होता तो गात होता.

बाकी गाण्यांना मात्र मालक होते. मृदंगाला कोण हात लावणार, वीणा कुणाच्या गळ्यात पडणार, हे ठरलेलं असे. खंजिरीला मान नव्हता. ते दारोदार फिरणाऱ्या फकीर-गोसाव्यांच्या हातातलं वाद्य. हेच वाद्य तुकडोजी महाराजांनी उचललं. मला त्यांची ही गोष्ट फार मोठी वाटते. ज्या वाद्यावर कुणाचा हक्क नव्हता ते वाद्य निवडल्यामुळं ते कुणालाही घेता आलं.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. नाव माणिक बंडोजी इंगळे. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना तुकड्या म्हटलं आणि तेच नाव भजनाच्या शेवटच्या ओळीत येऊ लागलं. तरुणपणी ते रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा या रानांत फिरले. सालबर्डी आमच्यासारखीच दोन राज्यांच्या शिवेवरची जागा, एक पाय अमरावती जिल्ह्यात आणि एक बैतूलमध्ये. १९३५ मध्ये तिथं त्यांनी मोठा यज्ञ केला आणि त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला गांधीजींजवळ महिनाभर राहिले.

त्यांनी मराठीत लिहिलं तितक्याच सहजतेनं हिंदीत लिहिलं. नागपूरच्या अभ्यासकाला ही बाब किरकोळ वाटेल, आमच्यासाठी ती मूळ गोष्ट आहे. सौंसरच्या बाजारात बसणाऱ्याला दोन्ही भाषा लागतात. एका बैठकीत मराठी भजन, मग हिंदी, पुन्हा मराठी, आणि ऐकणाऱ्याला कुठं अडल्यासारखं वाटत नाही. त्यांच्या भजनपुस्तकांत कितीतरी भजनांच्या डोक्यावर ‘तर्ज’ किंवा ‘चाल’ लिहिलेली असते, त्या काळच्या लोकांच्या तोंडी बसलेल्या एखाद्या गाण्याची. म्हणजे चाल लोकांना आधीच येत होती, शब्द तेवढे नवे शिकायचे. मागच्या ओळीत बसणाऱ्या शेतमजुराला पहिल्या रात्रीच झील देता आली ती यामुळं. शास्त्रीय गाणाऱ्यांनी या उसन्या चालींना नाकं मुरडली. मला त्यात महाराजांची जाण दिसते.

खंजिरी हातात घेतली की हलकी वाटते. लाकडाचं कडं, वीतभर किंवा थोडं मोठं, त्याला ठरावीक अंतरावर खाचा आणि खाचांत पितळी चकत्यांच्या जोड्या. एका तोंडाला कातडं. जुन्या खंजिऱ्यांना घोरपडीचं कातडं असे. ते पातळ आणि चिवट, त्याचा आवाज घुमायचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं ते बरंच झालं. मग बकरीचं कातडं आलं, आणि आता फायबरचं पान, नट-बोल्टनं ताणलेलं. कातड्याची खंजिरी पावसाळ्यात ढिली पडते; आमच्याकडे ती बैठकीआधी शेगडीवर धरून तापवतात आणि मधेमधे कानाजवळ नेऊन टिचकी मारून पाहतात. उजव्या हाताची थाप मध्यावर पडली की दमदार आवाज, बोटं कडेला पडली की टणक. डाव्या हातानं कडं पेललेलं असतं, पण त्याच हाताची बोटं कातड्याची कड दाबत-सोडत असतात, त्यामुळं आवाज खाली-वर लवतो. हे सगळं करत गायक गातो. त्याला मान वळवून मागं पाहता येत नाही. मागच्यांनी त्याच्या खांद्याकडे पाहून ओळखायचं की आता तिय्या येणार, आता थांबणार. आमच्या मंडळात नवा मुलगा आला की त्याला आधी शब्द देत नाही, टाळ देतो आणि सांगतो, “खांद्याकडे पाय गा बाबू.”

१९४२ मध्ये या भजनांचं तेज सरकारला कळलं. १६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला आणि चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला लोक उठले. दोन्हीकडे महाराजांच्या भजनांनी वातावरण तापवलेलं होतं. ऑगस्ट संपायच्या आत त्यांना पकडलं आणि नागपूर-रायपूरच्या तुरुंगात डिसेंबरपर्यंत ठेवलं. माझे वडील सांगत, समोरचा माणूस तुरुंगात होता तरी संध्याकाळची बैठक चुकली नाही. कुणीतरी खंजिरी घेई, बाकीचे मागं असतच. पुढं १९५५ मध्ये महाराज जपानला विश्वधर्म परिषदेला गेले तेही खंजिरी घेऊन. त्याच वर्षी ग्रामगीता आली, ४१ अध्यायांची, ४,६७५ ओव्यांची. गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं झाली. सूर्यास्ताची सामुदायिक प्रार्थना, सरळ रांगा, डोक्यावर भगवी टोपी, शेवटी राष्ट्रवंदना, भेटल्यावर ‘जय गुरु’. ही शिस्त भजनाच्या बैठकीतही उतरली.

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. आश्विन वद्य पंचमीला मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं मौन उभी राहतात, ती याच आठवणीत. पण मोझरीपासून दूरच्या मंडळांपुढं प्रश्न होता की आता कुणाच्या मागं बसायचं. भजनं ज्यानं लिहिली, ज्याच्या आवाजात ऐकली, तो माणूस नाही. त्याच्यासारखं गायला जावं तर नक्कल होते, न गावं तर मंडळ मोडतं.

इथं मला इंग्लंडमधल्या एका मंडळाची गोष्ट सांगायची आहे. माझा पुतण्या नागपुरात ध्वनिमुद्रणाचं काम करतो. दिवाळीला आला असताना, “काका, हे ऐका, हे तुमच्यासारखेच आहेत,” म्हणून त्यानं मला फेअरपोर्ट कन्व्हेन्शनची गाणी ऐकवली. त्याला लोक फोक रॉक बँड म्हणतात. मी ऐकत गेलो, त्याला विचारत गेलो, मग स्वतः वाचत गेलो.

उत्तर लंडनच्या मझवेल हिल भागात फेअरपोर्ट नावाचं घर होतं, सायमन निकोल या त्यांच्यातल्या मुलाच्या कुटुंबाचं. पोरं तिथं सराव करत, म्हणून मंडळाला घराचंच नाव पडलं. २७ मे १९६७ ला गोल्डर्स ग्रीनच्या एका चर्चच्या सभागृहात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. सुरुवातीला ती अमेरिकन धाटणीची गाणी गात. १९६८ मध्ये सँडी डेनी आली. तिला गावाकडची जुनी इंग्रजी गाणी येत होती. कार्यक्रमाआधी आतल्या खोलीत ती म्हणायची आणि बाकीचे गिटारवर साथ धरून पाहायचे. जुनं गाणं आणि विजेवरची गिटार यांची गाठ अशी पडली.

१२ मे १९६९ च्या पहाटे बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून परतताना त्यांची गाडी महामार्गावर उलटली. ड्रम वाजवणारा मार्टिन लँबल गेला, वय १९. गिटारवादक रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीण जिनी फ्रँकलिनही गेली. गाडीतले बाकीचे जखमी झाले. महाराजांच्या जाण्यानंतर सात महिन्यांनी घडलेली ही गोष्ट. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन्ही ठिकाणी मागं उरलेल्यांपुढं तोच प्रश्न होता.

त्यांनी जे केलं ते मला फार समजून केलेलं वाटतं. गेलेल्या सोबत्याबरोबर जी गाणी वाजवली ती तशीच पुढं चालू ठेवायची नाहीत असं ठरवून ते त्या उन्हाळ्यात हँपशायरमधल्या फार्ली चेंबरलेन या खेड्यात एका मोठ्या घरात एकत्र राहायला गेले. नवा ड्रमवाला डेव्ह मॅटॅक्स आला, डेव्ह स्वारब्रिक हा मुरलेला व्हायोलिनवाला आला. अॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउसच्या ग्रंथालयात जाऊन जुनी गाणी शोधू लागला. सेसिल शार्पनं १९०३ मध्ये सॉमरसेटमधल्या हँब्रिज गावी एका माळ्याचं गाणं ऐकून ते टिपलं आणि तिथून पुढं आयुष्यभर खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांची गाणी लिहून घेतली. त्याच्याही आधी अमेरिकेत फ्रान्सिस चाइल्डनं ३०५ जुनी कथागीतं ग्रंथात जमवली होती. गाणारी माणसं संपली, गाणी कपाटात राहिली. या पोरांनी ती कपाटातून काढून ड्रम आणि विजेच्या गिटारीबरोबर बसवली. डिसेंबर १९६९ मध्ये ‘लीज अँड लीफ’ ही तबकडी निघाली. २००६ मध्ये बीबीसीच्या श्रोत्यांनी तिला सर्वांत प्रभावी लोकसंगीताची तबकडी म्हणून निवडलं.

तीत ‘मॅटी ग्रोव्ज’ नावाचं लांबलचक कथागीत आहे. गोष्ट इंग्लंडची, शेकडो वर्षं जुनी. पण या लोकांनी तिला लावलेली चाल अमेरिकेच्या डोंगरी भागातल्या ‘शेडी ग्रोव्ह’ या गाण्याची. पुतण्यानं हे सांगितलं तेव्हा मी त्याला आमच्या वहीतलं पान उघडून दाखवलं, भजनाच्या वरती लिहिलेल्या चालीसकट. जे आपल्या लोकांनी केलं तेच त्यांनीही केलं, आणि तिकडेही जुन्या वळणाच्या गाणाऱ्यांना ते खटकलं.

पुढची हकीकत मंडळाच्या मोडतोडीची आहे. तबकडी बाजारात यायच्या आधीच सँडी डेनी आणि हचिंग्ज दोघंही सोडून गेले. हचिंग्जनं स्टीलाय स्पॅन हे दुसरं मंडळ उभं केलं. १९७१ मध्ये आधी थॉम्पसन गेला, वर्ष संपता संपता निकोलही, आणि ज्यांनी मंडळ काढलं त्यातला एकही माणूस आत उरला नाही. तरी फेअरपोर्ट कन्व्हेन्शन चालूच राहिलं. सँडी काही काळ परत आली, पुन्हा गेली, आणि १९७८ च्या एप्रिलमध्ये, ऐन तिशीत, वारली. निकोल १९७६ मध्ये परतला होता. ४ ऑगस्ट १९७९ ला ऑक्सफर्डशायरमधल्या क्रॉप्रेडी गावाच्या शेतात त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. त्याची तबकडी काढायला कंपनी मिळेना, तेव्हा डेव्ह पेग या बास वाजवणाऱ्यानं स्वतःच काढली. पुढच्या वर्षी लोक पुन्हा जमले, आणि तेव्हापासून ऑगस्टमधली ती जत्रा झाली. मंडळ सोडून गेलेले जुने येतात, गातात, जातात. शेवटी थॉम्पसननं १९६८ मध्ये लिहिलेलं एक गाणं सगळं शेत मिळून म्हणतं, जशी आमच्याकडे राष्ट्रवंदना झाल्याशिवाय बैठक उठत नाही.

मला यातला सगळ्यात मोलाचा काळ १९७१ नंतरचा वाटतो, जेव्हा संस्थापक कुणीच नव्हते. लिहिणारे त्या वर्षांवरून भरकन पुढं जातात, कारण गाजलेली तबकडी त्याच्या आधीची. पण मंडळ म्हणजे काय हे त्याच वर्षांत दिसतं. आमच्याकडेही असंच झालं. ज्यांनी मोझरीला महाराजांना समोर बसून ऐकलं ती पिढी आमच्या गावातून संपली. वडील गेले, त्यांच्याबरोबर पेटी धरणारे गेले. छोट्या लाइनच्या गाडीनं, मांडीवर पेटी घेऊन, लोधीखेड्याला, सावनेरला स्पर्धांना जाणारे गेले. २०१५ च्या अखेरीस ती गाडीही बंद झाली आणि मोठी लाइन आली. पण सरावाची रात्र तीच आहे आणि मारोतीच्या देवळातली जागा तीच आहे. वही तेवढी नवी, जुनीवरून उतरवलेली.

समोरच्या माणसाची कला मला कमी लेखायची नाही. अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीच्या सत्यपाल महाराजांनी सात वेगवेगळ्या पट्टीच्या खंजिऱ्या मांडून एकट्यानं वाजवायला घेतल्या आणि व्यसन, हुंडा, अंधश्रद्धा यांवर गावंच्या गावं बसवून ठेवली. त्यांच्यामुळं खंजिरी तरुण पोरांना हवीशी झाली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मात्र त्यांचं पाहून सात खंजिऱ्या विकत घेणारी पोरं मागच्या ओळीत बसायला तयार नसतात, आणि मागं कुणी नसेल तर लोक मोबाइलवर झीलचा ट्रॅक लावतात. स्पर्धेत कीबोर्ड चालावा की नाही यावर परीक्षकांचे वाद होतात; माझं मत, कीबोर्ड चालू द्या, ऑक्टोपॅड चालू द्या, विजेची गिटार आली तरी येऊ द्या. ट्रॅक मात्र नको. ट्रॅक गायकाच्या खांद्याकडे पाहत नाही.

बायकांच्या मंडळांनी गेल्या काही वर्षांत मागच्या ओळीचं हे काम उचललं आहे आणि फार चांगलं उचललं आहे. पूर्वी त्या प्रार्थनेला वेगळ्या रांगेत बसायच्या, आता खंजिरी त्यांच्या हातात आहे. संत्र्याची तोड किंवा कापसाची वेचणी संपवून आलेली बाई रात्री नऊला टाळ धरते आणि लय सोडत नाही. त्यांच्यातल्या लहान मुलींची शाळा हिंदीत. भजनाची वही त्या उतरवून घेतात तेव्हा मराठी ‘ळ’ पाशी हमखास थबकतात, मग शेजारच्या आजीला विचारून पुढं जातात. मराठी त्या अशाच शिकताहेत.

सेसिल शार्पसारखा कुणी आमच्या रस्त्यानं आला नाही. म्हणून मंडळानं ठरवलं की महादेवाची गाणी आपणच उतरवून घ्यायची, गाणाऱ्या म्हाताऱ्या आहेत तोवर. पुतण्या यंत्र घेऊन येतो, मुली शब्द लिहितात, मी सूर धरतो. काही गाणी वहीत आली आहेत, पण खंजिरीवर अजून एकही बसलेलं नाही. कडवी जुळतात, लय जुळत नाही. चौरागडाची वाट अनेकदा पायी चाललेल्या एका आजीनं त्याचं कारण सांगितलं. आमची दुगुन ऐकून ती म्हणाली, “हे बसून म्हनाचं गानं नाई गा भाऊ. चढ चढताना म्हनतात हे, दम लागते तिथं थांबाचं.” ती थांबते त्या जागा शब्दांच्या मधोमध पडतात, पेटीवर त्या विचित्र वाटतात. तेव्हा येत्या महाशिवरात्रीआधी खंजिरीवाला, झील देणाऱ्या दोघी-तिघी आणि मी सिल्लेवानीच्या घाटात चालत हे गाणं म्हणून पाहणार आहोत. आजीचे गुडघे आता चढ चढू देत नाहीत, तिची लेक सोबत येणार आहे. कुठं थांबायचं ते ती सांगेल, मग ठेका ठरवू.